वेळासचा कासव महोत्सव: जायचं असेल तर दोन रात्री काढा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघता येतात. साधारण मार्च-एप्रिलमध्ये, सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. सह्याद्री निसर्गमित्र ही संस्था आणि गावकऱ्यांनी उभं केलेलं हे काम खरंच मोलाचं आहे.

मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते. कोल्हे-कुत्रे ती उकरतात, म्हणून अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत (अंडी सुरक्षित उबवण्याच्या जागेत) मादीच्या घरट्यासारख्याच सुरईच्या आकाराच्या, दीडेक फूट खोल खड्ड्यात पुरतात. हलवताना अंडं उलटंपालटं झालं तर आतला गर्भ दगावू शकतो, त्यामुळे घाई चालत नाही. पिल्लं ४५ ते ६० दिवसांत वर येतात. खड्ड्यावर पालथी घातलेली टोपली उचलली की वाळूतून काळी डोकी हलताना दिसतात. पिल्लं पाण्यापासून थोडी लांब सोडतात, ती स्वतःच चालत जातात.

बहुतेकांची निराशा एकाच कारणाने होते: एका दिवसाची धावती फेरी. पिल्लं त्याच वेळी निघतील याची हमी कुणीच देऊ शकत नाही. त्यामुळे मुक्काम करा आणि निघण्याआधी फोन करून घरट्यांची स्थिती विचारा.

राहणं गावातल्या घरांमध्येच. सोय साधी, जेवण उत्तम. पुण्या-मुंबईकडून हरिहरेश्वरमार्गे येणाऱ्यांनी बागमांडला-वेसवी फेरीबोट घ्यावी.

फ्लॅश आणि टॉर्च बंद, पिल्लांसाठी बांधलेल्या दोरीच्या आत पाऊल नाही. गर्दीच्या शनिवार-रविवारी हे पाळलं जात नाही, म्हणून मधल्या वारी जाणं केव्हाही चांगलं.