ग्रेटफुल डेडची कुठली टेप लावायची? साउंडबोर्ड, ऑडियन्स, मॅट्रिक्स की अधिकृत सीडी

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचं नाव कुणाकडून तरी कानावर येतं, माणूस त्यांचा एखादा स्टुडिओ अल्बम लावतो, चार गाणी ऐकतो आणि 'बरं आहे' म्हणून सोडून देतो. पण हा बँड स्टुडिओत सापडतच नाही. 1965 ते 1995 या तीस वर्षांत त्यांनी साधारण 2300 कार्यक्रम केले. रोज गाण्यांचा क्रम वेगळा, रोज गाण्याच्या पोटातला विस्तार वेगळा. यातले बहुतेक कार्यक्रम कुणी ना कुणी टेप करून ठेवले आणि आज ते इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात.

नवख्याची पंचाईत तिथेच होते. एखादी तारीख उघडावी तर एकाच रात्रीची अनेक रेकॉर्डिंग्ज समोर येतात. एकावर एसबीडी (साउंडबोर्ड) लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर एयूडी (ऑडियन्स), तिसऱ्यावर मॅट्रिक्स. त्याच कार्यक्रमाची कंपनीने काढलेली सीडीही असू शकते. बहुतेक लोक 'साउंडबोर्ड म्हणजे उत्तम' असं सांगून मोकळे होतात. मला हा सल्ला पटत नाही. कुठलं रेकॉर्डिंग घ्यायचं हे मुख्यतः कार्यक्रम कुठल्या वर्षीचा आहे यावर ठरतं. दुसरा प्रश्न असा, की तुम्हाला गाणी ऐकायची आहेत की ती रात्र.

साउंडबोर्ड म्हणजे मिक्सरमधून थेट टेपवर घेतलेला आवाज. मधे हवा नाही, सभागृह नाही, शेजारी गप्पा मारणारा माणूस नाही. फिल लेशचा बास नीट ऐकू येतो, बॉब वेअरची गिटार जेरी गार्सियाच्या गिटारच्या फटीत कशी बसते ते कळतं. वाद्यं वेगवेगळी ओळखायला शिकायचं असेल तर याला तोड नाही. पण मिक्सरवरचा तोल सभागृहासाठी साधलेला असतो, टेपसाठी नाही. छोट्या हॉलमध्ये गिटारचे अँप आणि ड्रम्स स्टेजवरूनच पुरेसे मोठे ऐकू येतात, त्यामुळे मिक्सरमध्ये त्यांना कमी घेतात आणि गायकांचा आवाज वर ठेवतात. तोच मिक्स टेपवर उतरला की गाणाऱ्याचा आवाज कानाशी आणि गिटार शेजारच्या खोलीत, असं होतं. हा दोष टेपचा नाही आणि ती कितीही स्वच्छ केली तरी जात नाही.

याला मोठा अपवाद बेटी कँटर-जॅक्सन यांच्या टेप्सचा. बँडच्या या ध्वनिमुद्रकाने सभागृहातल्या मिक्सवर विसंबून न राहता टेपसाठी स्वतंत्र मिक्स केला. म्हणूनच 1977 च्या वसंतातले त्यांचे टू-ट्रॅक स्पूल आजही थक्क करतात. पुढे या टेप्स ज्या गोदामात होत्या त्याचं भाडं थकलं आणि 1980 च्या दशकाच्या मध्यावर त्या लिलावात गेल्या. ज्यांच्या हाती त्या लागल्या त्यांच्यामार्फत प्रती फिरू लागल्या आणि 'बेटी बोर्ड्स' हे नाव रूढ झालं. 1976 ते 1978 मधली तारीख उघडलीत आणि वर्णनात बेटी हा शब्द दिसला तर दुसरीकडे बघायची गरज नाही.

ऑडियन्स टेपबद्दल जास्त लिहितोय, कारण नवीन माणूस तिलाच सगळ्यात आधी नाकारतो. प्रेक्षकात उभ्या असलेल्या माणसाने माइक उंच धरून किंवा स्टँडवर लावून घेतलेलं हे रेकॉर्डिंग. सुरुवातीच्या काळात मशीन लपवून आत न्यावं लागे. पण बँडने या मंडळींच्या मागे हात धुवून लागणं लवकरच सोडलं. आम्ही वाजवून झालं की ते लोकांचं, अशी गार्सियाची भूमिका होती. माइकच्या स्टँडचं रान वाढलं, मागच्यांना स्टेज दिसेना, मिक्सरवाल्यांना काम करता येईना, तेव्हा ऑक्टोबर 1984 मध्ये बर्कलीच्या कम्युनिटी थिएटरपासून टेपर्सना, म्हणजे टेप करणाऱ्यांना, मिक्सरच्या मागे वेगळी जागा आणि वेगळं तिकीट द्यायला सुरुवात झाली. अट एकच: टेपची देवाणघेवाण करा, पैसे घेऊ नका. कोरी कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवायचं, समोरचा प्रत काढून देणार. हा रिवाज वर्षानुवर्षं पाळला गेला, म्हणून तर आज आपल्याला हे सगळं मिळतंय.

ही सोय झाली तरी आवाजाच्या दृष्टीने एक तोटा झाला. टेपर्सची जागा मिक्सरच्या मागे, म्हणजे स्टेजपासून आणखी लांब. म्हणून 1984 नंतरही काही जण गुपचूप मिक्सरच्या पुढे जाऊन रेकॉर्ड करत. अशा टेपवर एफओबी (फ्रंट ऑफ बोर्ड, म्हणजे मिक्सरच्या पुढे) अशी खूण असते. ती दिसली तर आधी तीच लावून बघा. सहसा आवाज जवळचा आणि घट्ट असतो.

कॅसेटची मर्यादाही ध्यानात ठेवायची. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला 45 मिनिटं. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात हा बँड एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता जातो. तास-दीड तास खंड नाही. मग टेपरने कॅसेट उलटायची कधी? चांगला टेपर घड्याळाकडे बघत, पुढचं गाणं कुठलं येईल याचा अंदाज बांधत, बाजू पूर्ण भरायच्या आधीच एखाद्या ओसरत्या क्षणी पटकन उलटायचा. चुकलं तर गार्सियाचा सोलो अर्ध्यात तुटायचा. मिक्सरला जोडलेल्या कॅसेटचंही हेच होई. म्हणून रेकॉर्डिंगच्या वर्णनात 'पॅच' हा शब्द दिसला तर घाबरू नका. तुटलेला तुकडा दुसऱ्याच्या टेपमधून आणून जोडलाय, एवढाच त्याचा अर्थ.

घरगुती बैठकींच्या स्पूलवर ज्यांचे कान तयार झालेत त्यांना ऑडियन्स टेपची गोडी लगेच कळेल. समेवर कुणाच्या तरी तोंडून निघालेली दाद टेपवर असते म्हणून गायकाने पुढची तान का घेतली हे समजतं. इथेही तसंच. एखाद्या गाण्याची पहिली चाहूल लागते, हजारो लोक एकदम ओरडतात आणि बँड अजून थोडं ताणतो. साउंडबोर्डवर फक्त ते ताणणं ऐकू येतं. ते कशामुळे झालं, हे कळत नाही.

आता 1974 चं बघा. त्या वर्षी बँडने वॉल ऑफ साउंड नावाची ध्वनिव्यवस्था घेऊन दौरे केले. सहाशेच्या आसपास स्पीकर, एकूण वजन 75 टनांच्या घरात, आणि ही सगळी भिंत वादकांच्या समोर नव्हे तर पाठीमागे. माइक स्पीकरच्या समोर आला की शिट्टी घालतो हे कुठल्याही साउंडवाल्याला माहीत आहे. त्यावर त्यांनी तोड काढली ती अशी: प्रत्येक गायकाला दोन माइक, एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये जोडलेले. गायचं फक्त एकात. मागून येणारा आवाज दोन्हींत सारखा शिरतो आणि एकमेकांना छेदून नाहीसा होतो, गाणाऱ्याचा आवाज उरतो. पण उरतो तो थोडा पातळ होऊन. त्या वर्षीच्या साउंडबोर्डवर गायकी कोरडी आणि उघडी पडलेली वाटते, ती बहुतांशी यामुळेच. याउलट प्रत्येक वाद्याला स्वतःचे स्पीकर असल्याने सभागृहात आवाज विलक्षण स्वच्छ पोचत होता आणि त्या वर्षीच्या चांगल्या ऑडियन्स टेप्सवर तो तसा उतरलाय. 1974 साठी मी आधी ऑडियन्स टेपच लावतो.

1979 ते 1986 या काळातही माझा कौल बहुतेक वेळा ऑडियन्सलाच. तोपर्यंत टेपर्सकडे उत्तम नाकामिची, श्योप्स, झेनहायझर माइक आणि सोनीची दणकट पोर्टेबल मशिन्स आली होती. उलट त्या काळातले जे साउंडबोर्ड फिरतात ते बरेचसे मिक्सरला जोडलेल्या साध्या कॅसेटवरचे. ब्रेंट मिडलंडचा ऑर्गन आणि दोन ढोलवादक एका मोकळ्या मैदानात कसे घुमत असतील ते त्यात सापडत नाही.

मॅट्रिक्स म्हणजे दोन्हींची सांगड. साउंडबोर्डची स्पष्टता आणि ऑडियन्सची हवा. कागदावर हाच सर्वोत्तम पर्याय, पण तो करणाऱ्याच्या कानावर आणि चिकाटीवर सगळं अवलंबून. मिक्सरमध्ये आवाज तत्क्षणी पोचतो, स्टेजपासून तीस मीटरवरच्या माइकपर्यंत पोचायला साधारण 0.09 सेकंद लागतात. तेवढा फरक काढून टाकावा लागतो. शिवाय दोन मशीनच्या मोटरी तंतोतंत एका वेगाने फिरत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला जुळलेली टेप तासाभरात सरकते. ओळखायची युक्ती सोपी आहे. पहिल्या आणि शेवटच्या गाण्यातला स्नेअर ड्रम ऐका. दोन्हीकडे एकच ठोका ऐकू आला तर काम चोख. शेवटी ठोक्याला सावली पडली तर दुसरं रेकॉर्डिंग शोधा. 1987 ते 1990 मध्ये बँडचा ध्वनितंत्रज्ञ डॅन हीलीने मिक्सरचा आणि सभागृहातल्या माइकचा आवाज जागेवरच एकत्र करून टेप केल्या. त्यांना अल्ट्रा मॅट्रिक्स म्हणतात. त्या वर्षांसाठी त्याच घ्या.

मॅट्रिक्सचा खरा फायदा उत्तरार्धातल्या ड्रम्समध्ये होतो. बँडच्या दोन ढोलवादकांपैकी मिकी हार्ट हा उस्ताद अल्लारखाँचा शिष्य. झाकीर हुसेनबरोबर त्याने केलेला 'दिगा' हा अल्बम 1976 चा. 1978 पासून जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात हार्ट आणि दुसरा ढोलवादक बिल क्रॉइट्झमन दोघंच स्टेजवर राहून वाजवत. नुसत्या साउंडबोर्डवर बोटांचं काम दिसतं पण दणका नाही. नुसत्या ऑडियन्सवर दणका आहे पण बोल गिचमिड होतात.

हे सगळं एकाच कार्यक्रमात तपासून बघायचं असेल तर 8 मे 1977 घ्या. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधला. उंच छताची, कवायतीसाठी बांधलेली इमारत. बेटीच्या टेपवर हा बँड हाताच्या अंतरावर आहे. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला पुढच्या लोकांची चेंगराचेंगरी होतेय म्हणून बँड सगळ्यांना एक पाऊल मागे सरायला सांगतो. साउंडबोर्डवर ती सूचना आहे. ऑडियन्स टेपवर ज्यांना सांगितलं ते लोकही आहेत. दुसऱ्या भागाच्या शेवटी 'मॉर्निंग ड्यू' या गाण्यात गार्सिया झपाट्याने तारा छेडत टोक गाठतो, तिथे मला माणसांचा आवाज हवाच असतो. म्हणून या रात्रीसाठी पहिल्यांदा साउंडबोर्ड ऐका आणि 'मॉर्निंग ड्यू' पुन्हा एकदा ऑडियन्स टेपवर. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात घेतलंय ते हेच ध्वनिमुद्रण.

याच कार्यक्रमाची अधिकृत आवृत्ती मे 2017 मध्ये आली. मूळ स्पूल तोवर बँडकडे परतले होते आणि त्यांवरून काम करताना टेपच्या वेगातली बारीक थरथरही काढून टाकली गेली. फरक आहे, चांगल्या स्पीकरवर तो लगेच जाणवतो. अधिकृत प्रकाशनांचा हाच मोठा गुण: सुरातली आणि वेगातली गडबड दुरुस्त झालेली असते. 1972 चा युरोप दौरा तर सोळा ट्रॅकवर मुद्रित झाला होता. तिथे फुकटच्या टेपमागे लागण्यात अर्थ नाही, अधिकृतच ऐका. 'डिक्स पिक्स' ही मालिका 1993 ते 2005 मध्ये 36 खंडांत निघाली, 'डेव्ह्ज पिक्स' 2012 पासून वर्षाला चार येतात. अडचण किमतीची. मर्यादित प्रती, वर भारतात मागवायचं तर टपाल आणि कस्टम. भारतातून सीडी मागवण्याची घाई करू नका. स्ट्रीमिंगवर जेवढं आहे तेवढंच सुरुवातीला खूप होतं.

शेवटचा मुद्दा अगदी व्यवहाराचा आहे. 2005 च्या नोव्हेंबरात आर्काइव्हवरची डाउनलोडची सोय अचानक काढली गेली, चाहत्यांनी गदारोळ केला आणि तडजोड झाली ती आजतागायत आहे: ऑडियन्स टेप उतरवून घेता येतात, साउंडबोर्ड फक्त तिथेच ऐकायचे. त्यामुळे घरी बसून, नेट चालू ठेवून ऐकणार असाल तर सगळे पर्याय खुले. पण ऐकायची वेळ म्हणजे लोकलचा किंवा घाटातला प्रवास असेल तर 1980 च्या दशकातली एखादी एफओबी ऑडियन्स टेप उतरवून घ्या. फोनवर ऐकायला एमपी3 पुरेल. घरच्या स्पीकरवर लावणार असाल तर फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) घ्या, जागा जास्त खाईल पण माइकने टिपलेलं सभागृह त्यात पुरतं उतरलेलं असतं.