नॉक सेन्सरचे सर्किट समजून घेऊन दुरुस्त करणारे गॅरेज

चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरने पी०३२७ हा कोड दाखवला आणि नॉक सेन्सर (इंजिनातील अनियंत्रित ज्वलनाची ठकठक ओळखणारा भाग) बदलला, की काम झाले असे मानण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीवर आधीच्या एका वर्कशॉपमध्ये हाच उपाय झाला होता. नवा सेन्सर बसवूनही दिवा पुन्हा लागला, चढावर ओढ कमी झाली आणि इंधनाची सरासरीही घसरली. पुण्यातील हे छोटे गॅरेज मला मनापासून आवडले, कारण येथे कोणताही सुटा भाग मागवण्याआधी दोष नेमका कुठे आहे, हे मोजून पाहिले गेले.

पी०३२७ याचा अर्थ सर्किटकडून येणारा सिग्नल अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच होतो; सेन्सर खराब आहे असे तो कोड सांगत नाही, हे येथील वायरमननी आधीच स्पष्ट केले. सेन्सरमधील पिझो स्फटिक ब्लॉकच्या कंपनांचे अतिशय क्षीण विद्युतदाबात रूपांतर करतो. तो सिग्नल विश्वासार्ह राहिला नाही, तर ईसीएम (इंजिनाचा नियंत्रक संगणक) इंजिनाच्या सुरक्षिततेसाठी इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडतो, आणि त्यातूनच गाडी मंदावते. त्यांनी सेन्सरचा रोध मोजला. या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे तो १२० ते २८० किलो-ओहममध्ये हवा आणि तो तसाच होता. (काही गाड्यांच्या सेन्सरमध्ये तो दहा लाख ओहमच्याही वर असतो, म्हणून मॅन्युअल उघडल्याशिवाय मीटरवरच्या आकड्याला अर्थ नाही.) त्यानंतर सेन्सरचा कपलर (वायरिंगचा जोड) काढून, इग्निशन चालू ठेवून, ईसीएमकडून येणारे सुमारे ५ व्होल्ट तपासले. वायरिंग स्थिर असताना ते बरोबर मिळत होते, पण इनटेक मॅनिफोल्डखालील ब्रॅकेटजवळ वायर हलवली की काटा शून्याकडे जात होता. तेथे घासून आतील इन्सुलेशन गेले होते आणि सिग्नलची तार भोवतालच्या शील्डला, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट रोखणाऱ्या धातूच्या आवरणाला, टेकत होती. दोष अधूनमधून येत असल्यामुळेच आधी सेन्सर बदलल्यावर तो गेल्यासारखा वाटला असणार.

दुरुस्तीत मला सर्वाधिक मोलाची वाटली ती शील्डविषयी घेतलेली काळजी. साधी वायर जोडून टेप गुंडाळली असती, तरी मीटरवर सर्व काही ठीक दिसले असते. परंतु इग्निशन कॉइलचा विद्युत गोंगाट इतक्या क्षीण सिग्नलमध्ये सहज मिसळतो. म्हणून त्यांनी तेवढा तुकडा शील्ड असलेल्या केबलनेच बदलला, शील्डला फक्त ईसीएमच्या बाजूला अर्थिंग दिले, जोड उष्णतेने आकसणाऱ्या नळीत बंद केले आणि वायर ब्रॅकेटपासून दूर बांधली. सेन्सर पुन्हा बसवताना ब्लॉकवरील जागा स्वच्छ करून, मध्ये वॉशर न घालता, बोल्ट टॉर्क रेंचने २० न्यूटन-मीटरवर घट्ट केला. बोल्ट कमी किंवा जास्त आवळला तर सेन्सरपर्यंत पोहोचणारी कंपनेच बदलतात, आणि ही गोष्ट अनेक ठिकाणी दुर्लक्षिली जाते. शेवटी कोड पुसून गाडी बोपदेव घाटात नेली व स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये टायमिंग कसे बदलते, ते मला दाखवले. दिवा त्यानंतर लागलेला नाही.

तपासणीचे पैसे येथे वेगळे घेतात आणि बिलावर ते वेगळे लिहितात. मला ते योग्य वाटते, कारण खरे कौशल्य त्या तपासणीतच आहे. शिवाय खराब वायरचा तुकडाही परत मिळाला. उणिवा मात्र आहेत. जागा अपुरी आहे, फोन सहसा उचलला जात नाही, आणि शील्डेड केबल उपलब्ध नसल्याने गाडी तेथे ठेवावी लागली. घाई असणाऱ्यांना ही सोय मानवणार नाही.

गाडी देताना दिवा केव्हा लागतो, थंड इंजिनावर की चढावर, हे लिहून न्यावे आणि कोड आधी स्वतः पुसू नये, कारण कोडबरोबर साठवलेला त्या क्षणाचा वेग, तापमान आणि लोड येथे सर्वप्रथम पाहिला जातो.