कुंडलिनी योग, दिवाळी ते मृग: कुजबुज ठेवली, क्लास सोडला

उरलेल्या तिमाहीचे पैसे परत द्यायला क्लासनं परवा साफ नकार दिला, म्हणून लिहायला बसले. सकाळी साडेपाचची बॅच त्यांनी स्वतःच आठला नेली. नागपुरात मे महिन्यात आठ वाजता बंद हॉलमध्ये ब्रेथ ऑफ फायर, म्हणजे नाकानं भराभर जोरात श्वास घेणं-सोडणं, किती त्रासाचं, ते इथल्यांना सांगायला नको. वर उत्तर काय, तर "मॅडम, पावतीवर लिहिलंय, फी परत मिळत नाही." १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे. ४,५०० रुपये मी सोडणार नाही.

पण साधनेवर माझा राग नाही. कीर्तन क्रियेनं, म्हणजे बोटांच्या मुद्रेसह मंत्र म्हणायच्या साधनेनं, मला जे दिलं, ते सांगायलाच हवं.

सा, ता, ना, मा. प्रत्येक अक्षराला अंगठा क्रमानं तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळीला टेकवायचा. ३१ मिनिटांच्या पाठात ५ मिनिटं मोठ्यानं, ५ कुजबुजत, १० मनात, पुन्हा ५ कुजबुजत, ५ मोठ्यानं आणि शेवटचं १ मिनिट शांत. मोठ्यानं म्हणणं कोणालाही जमतं, भजनी मंडळात वाढलेल्यांना तर सहजच. मनातल्या दहा मिनिटांत गॅसवरचं दूध, लाइटबिल, सगळं आठवतं. कुजबुजीत मात्र मनाला पळायला जागाच मिळत नाही. गळा वाजू द्यायचा नाही, तरी अक्षर आपल्या कानांना ऐकू यायला हवं. श्वास जास्त सुटला तर 'मा'पर्यंत पुरत नाही, कमी सुटला तर अक्षर विरतं. हे माप सांभाळताना थंडी सरेपर्यंत माझा श्वास आपोआप लांबला, आणि मध्यरात्री जाग आली की पहाटेपर्यंत कूस बदलत राहणं जवळपास थांबलं.

आणि नेमक्या याच मिनिटांत क्लास स्पीकरवर मंत्राचं गाणं लावतो! शिकवणाऱ्या ताईंना मी कितीदा विनवलं, "कुजबुजीपुरता तरी आवाज बारीक करा ना." त्या म्हणायच्या, "काकू, गाण्याशिवाय लोकांना व्हाइब येत नाही." स्वतःचा आवाजच ऐकू येत नसेल तर कुजबुजून उपयोग काय? घरी कूलर तेच करतो. म्हणून आता पहाटे कूलर बंद करून गच्चीवर बसते. ऊन चढायच्या आत सगळं आटोपतं.

ब्रेथ ऑफ फायरबद्दल माझं मत मात्र बदललं. कपालभातीत श्वास जोरानं बाहेर जातो आणि आत आपसूक येतो. इथे दोन्हीकडे सारखाच जोर. डिसेंबरच्या गारठ्यात मी ज्याला त्याला हेच करायला सांगत होते. एप्रिलपासून त्यानं डोकं जड व्हायला लागलं, तेव्हा बंद केलं आणि शीतलीवर आले: जीभ नळीसारखी वळवून श्वास तोंडानं आत, नाकानं बाहेर, असे २६ श्वास. विदर्भातल्या उन्हाळ्याला हीच बरी. जीभ वळत नसेल तर दातांच्या फटीतून शीत्कारी करा. रक्तदाब जास्त असेल, दिवस गेले असतील किंवा पाळी चालू असेल, तर ब्रेथ ऑफ फायर नकोच. हे क्लासनं पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

मेंढीच्या कातड्याचं आसन घ्या म्हणून मागे लागतात. घेऊ नका. घडी घातलेली सतरंजी पुरते.

एक गोष्ट मनाला फार लागली. क्लासमध्ये योगी भजन यांचा फोटो हार घालून ठेवला आहे. १९६८ साली ते उत्तर अमेरिकेत गेले आणि आज शिकवली जाते ती पद्धत त्यांनीच तिकडे पसरवली, हे खरंच. पण त्यांच्याच संस्थांनी नेमलेल्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल २०२० मध्ये आला, आणि त्यांच्यावरचे लैंगिक शोषणाचे अनेक आरोप खरे असण्याचीच शक्यता जास्त, असं त्यात म्हटलं आहे. पैसे भरणाऱ्या बायकांना हे कोणीतरी सांगायला नको का? माझ्या मैत्रिणीनं विचारलं, तर विषय बदलला गेला. मुद्रा आणि श्वास मी ठेवले. त्या फोटोला नमस्कार करणं त्याच दिवशी सोडलं.

नवीन कोणाला सुरू करायचं असेल, तर १२ मिनिटांचा पाठ पुरेसा आहे: २ मोठ्यानं, २ कुजबुजत, ४ मनात, २ कुजबुजत, २ मोठ्यानं. घड्याळ समोर ठेवा, फोनवर गाणं लावू नका. शेजारच्या वहिनींना मी असंच शिकवलं, एक रुपया न घेता.