पोखरा–मुक्तिनाथ जीप : ड्रायव्हरला पाच स्टार, ऑफिसला एक, तोही नाइलाजानं

दसरा झाल्यावर नेपाळला जाऊन आलो, बेळगावातनं आम्ही सहा जण, मी, बायको, पोरगा, आई आणि मामा-मामी. पोखऱ्यातनं मुक्तिनाथ जाऊन-येऊन तीन दिवसांची जीप केली होती, तिचा हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव घालत नाही, वाद नको.

आधी मामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मामा सरकारी बसवर ड्रायव्हर होता, रिटायर झालाय. बेळगाव–सावंतवाडी, आंबोली घाट उतरायचा आणि चढायचा, आयुष्य त्यातच गेलं. त्यामुळं दुसरा कोणी स्टेअरिंगवर असला की मामाचा उजवा पाय आपोआप दाबला जातो आणि तोंड सुरू होतं. सोनौली बॉर्डरवरनं बुटवलमार्गे पोखऱ्याला येतानाच त्यानं टॅक्सीवाल्याला चारदा गिअर बदलायला शिकवलं होतं.

बुकिंग ऑफिसात कबूल केलं होतं मोठी फोर बाय फोर, पुशबॅक सीट, एसी. सकाळी आली ती मागं आडवी बाकडी असलेली जुनी जीप. फोन केला तर म्हणे मोठी गाडी सर्व्हिसिंगला गेलीय, ही पण तशीच आहे. तशीच कशी असेल रे बाबा, मामीचे गुडघे पोराच्या पोटात चाललेत. पण ड्रायव्हर वेळेवर. मामा तर म्हणाला 15 मिनिटं आधीच आला, कारण त्याचं मनगटी घड्याळ अजून बेळगावच्याच टायमाला होतं, नेपाळ आपल्यापेक्षा पाव तास पुढं असतंय.

मामानं पहिलं काय केलं तर टायरपाशी उकिडवं बसून एक रुपयाचं नाणं खाचेत घालून बघितलं. मागचं डावं टायर गुळगुळीत, नाणं उभंच राहीना. ड्रायव्हर पोरगेलाच, कपाळावर त्यांच्या दशैंचा, म्हणजे दसऱ्याचा, लाल तांदळाचा टिळा अजून चिकटलेला. त्यानं बघितलं, हसला, आणि काही न बोलता जॅक काढून स्टेपनी चढवली. तिथंच मामाचं आणि त्याचं जमलं. तिकडं मोठ्या भावाला दाई म्हणतात, सगळे ड्रायव्हरला दाईच म्हणून हाक मारतात, आणि आई दर वेळी पदर तोंडाला लावून हसायची, गाडीत दाई घेऊन चाललोय म्हणून.

बेनीपर्यंत खड्डे धूळ सोडली तर विशेष नाही. आई खुश होती कारण पाट्या सगळ्या देवनागरीत, दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कित्येक गाड्यांच्या नंबरप्लेटीसुद्धा, एकेक मोठ्यानं वाचत बसली. बेळगावच्या माणसाला पाटी वाचता येणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

खरं प्रकरण बेनीच्या पुढं. बेनी ते मुक्तिनाथच्या अलीकडचं जोमसोम ऐंशी किलोमीटरच्या आतच आहे पण सगळा रस्ता काली गंडकीच्या घळीतनं. एका बाजूला धवलगिरी 8,167 मीटर, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा 8,091, आणि मध्ये आपली जीप. डोंगर वरनं सुटा दगड-मातीचा, पाऊस संपला तरी थोडं थोडं घसरतच असतो. तातोपानीच्या पुढं वळणावर समोरनं बस आली. रस्ता एका गाडीचा, कठडा नाही, खाली नदी दिसत नाही नुसता आवाज. आमच्या दाईनं मान खिडकीबाहेर काढली आणि रिव्हर्स घेतली, वळणातनं मागं, चढाला. मागच्या बाकड्यावरनं मला जे दिसत होतं त्यात रस्ता नव्हता, आभाळ होतं. बसचा खलाशी, म्हणजे क्लीनर, उतरून आमच्या गाडीच्या पत्र्यावर थापा मारत होता, दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. मामाला ही भाषा कोणी शिकवायला नको, आयुष्यभर सिंगल बेल डबल बेल ऐकलेला माणूस. तो मागचं दार उघडून उतरला आणि दुसऱ्या बाजूनं स्वतःच थापा मारायला लागला, थप थप, थप थप, थप. एकदाची बस गेली, आमच्या आरशात आणि तिच्या पत्र्यात बोटभर जागा. मामा परत येऊन बसला तो गप्पच.

त्याच्या पुढं रुप्से धबधबा. रस्त्याला लागूनच कोसळतोय, पाणी आडवं वाहतंय, खाली नुसते गोटे, आणि काचेवर फवारा. दाई "बिस्तारै, बिस्तारै" असं गाडीला सांगत होता, म्हणजे सावकाश. आई रामरक्षा म्हणत होती, मध्येच ओळ चुकली तर पोरगं दुरुस्त करत होतं. घासा गावात चहाला थांबलो तेव्हा मामानं बिस्किट कपात बुडवलं, ते विरघळून तळाला गेलं तरी तो कपाकडंच बघत बसलेला. मामीनं विचारलं काय झालं हो, तर म्हणतो काही नाही, सुम्मच, म्हणजे उगीच.

त्या रात्री मार्फ्यात मुक्काम, तिथली सफरचंदं चांगली. हे मात्र ऑफिसनं नाही, दाईनं ठरवलं, एका दिवसात वर न्यायला तो तयारच नव्हता. पोखरा साधारण आपल्या बेळगावाएवढ्या उंचीवर आणि मुक्तिनाथ 3,700 मीटरच्या वर, मामीचं डोकं तेवढ्यानंही दुखलंच. दुसऱ्या दिवशी पहाटेच काढलं त्यानं, कारण दुपार व्हायला लागली की त्या घळीत वारं असं सुटतंय की तोंड उघडलं तर वाळू. मुक्तिनाथाबद्दल काय लिहू, देवळामागं पाण्याच्या 108 धारा, बर्फासारखं पाणी, मामा सगळ्यांखालनं पळाला आणि बाहेर येऊन दातावर दात वाजवत दाईलाच विचारतो, परत त्याच रस्त्यानं का?

त्याच रस्त्यानं. येताना पहिरो, म्हणजे दरड. अडीच तास जेसीबीची वाट बघत बसलो, शिल्लक कुंदा, आपली बेळगावची मिठाई, काढला, पुढच्या-मागच्या गाड्यांतल्या पोरांना वाटला, दाईनं तीनदा मागितला.

आता ऑफिस. पोखऱ्यात उतरल्यावर वेटिंग चार्ज म्हणून 3,000 नेपाळी मागितले, आपले 1,875. म्हणजे डोंगर कोसळला तो आमच्या खात्यात! हिंदी त्यांना चांगलंच कळतं, मराठीही अर्धं कळत असावं असं वाटलं, मग मी आणि मामा कन्नडमध्ये सुरू झालो, किती द्यायचे ते त्यांच्यासमोरच ठरवलं. 1,500 वर मिटलं. दाई बिचारा बाहेर मान खाली घालून गाडी धूत होता, त्याला मामानं वेगळे दिले, हातात, ऑफिसला न दाखवता.

जाणार असाल तर गाडीचा फोटो आधी मागा, आणि दरड पडली तर पैसे कोण देणार ते कागदावर लिहून घ्या. आपल्या भारतीय शंभराच्या नोटा जास्त ठेवा, तिकडं सगळीकडं आमच्या चालल्या. अन्नपूर्णा भागाचं परमिट लागतं, फोटो जवळ असू द्या. उलटी होणाऱ्याला पुढं बसवा. आणि मागची टायरं बघा.

आई परत जाऊया म्हणालीय पुढच्या वर्षी. मामा म्हणतो जाऊया की, पण विमानानं. जोमसोमचं विमान सकाळचंच असतं, वारं वाढलं की बंद, हे त्याला सांगितलंय. तरी कालपासनं तिकिटाचा रेट विचारालाय.