डबल चाकांचा ट्रक, वर कॅम्पर: आतल्या टायरने शिकवलेलं (१४ महिन्यांच्या वापरानंतर)

मागच्या ॲक्सलला दोन्हीकडे डबल चाकं असलेला पिकअप ट्रक आणि त्याच्या हौद्यात बसवलेला कॅम्पर (राहण्या-झोपण्याची छोटी खोली), अशी गाडी आम्ही दोघं १४ महिने वापरतोय. २२ हजार किलोमीटर झाले. इंजिनाची तक्रार नाही, कॅम्परचीही नाही. घाम फोडला तो टायरने, आणि तोही नजरेला न पडणाऱ्या आतल्या टायरने. त्यामुळे इथे बहुतेक सगळं हवा आणि व्हॉल्व्ह याबद्दलच आहे.

आतल्या टायरचा व्हॉल्व्ह बाहेरच्या रिमच्या भोकातून सहज हाती लागत नाही. म्हणून सुरुवातीला आम्ही स्टीलच्या जाळीच्या लवचिक नळ्या लावून घेतल्या. एक टोक मूळ रबरी व्हॉल्व्हवर घट्ट करायचं, दुसरं बाहेरच्या रिमवर क्लिपने अडकवायचं. चार महिने छान गेले. उभ्या उभ्या हवा भरता यायची, मग तक्रार कशाला करणार?

पाचव्या महिन्यात एका थांब्यावर मी मागच्या चारही टायरजवळ हात नेऊन बघत होते. डाव्या जोडीतला बाहेरचा टायर उजवीकडच्यापेक्षा स्पष्टच जास्त तापला होता. गेज लावला तर त्याच्या जोडीदारात, म्हणजे आतल्यात, फक्त ४१ पीएसआय. आम्ही गार टायरमध्ये ७५ भरतो. स्टिअरिंग ओढत नव्हतं, गाडी एका बाजूला कलत नव्हती, आवाजही बदलला नव्हता. टायर गार झाल्यावर नळीच्या सांध्यावर साबणाचं पाणी सोडलं आणि मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर यायला लागले. क्लिप सैल झाली होती. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर नळी हलत होती आणि तिने रबरी व्हॉल्व्हला हिसके देऊन सांधा ढिला केला होता.

आमच्या टायरवर १२०/११७ असा भारांक आहे. एकट्या चाकावर १४०० किलो आणि जोडीत प्रत्येकी १२८५ किलो, असा त्याचा अर्थ. जोडीतला आकडा मुद्दामच कमी ठेवतात, कारण दोघांवर भार कधीच अगदी सारखा पडत नाही. आता एकाने अंग काढून घेतलं की दुसऱ्यावर किती येतं ते बघा. ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांखाली गेलेला टायर बसलेलाच समजायचा, हा या क्षेत्रातला जुना नियम. आमच्या हिशोबाने ती रेघ ६० पीएसआयवर येते, आणि आम्ही त्याच्या कितीतरी खाली चालवत होतो. रिमवरून काढल्यावर आतून रबराचा भुगा निघाला. त्यात हवा भरून पुढे जाणं हा वेडेपणा झाला असता.

एकच टायर नवा घालूनही भागत नाही. जोडीतल्या दोघांच्या व्यासात ६ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही, नाहीतर मोठा टायर जास्त भार घेतो आणि छोटा रस्त्यावर घासत जातो. शिवाय बाहेरच्याने इतके दिवस दोघांचं ओझं वाहिलं होतं, त्याच्यावर माझा विश्वास उरला नव्हता. जोडीच बदलली.

नळ्या कायमच्या काढल्या आणि रिमला नटने कसले जाणारे अखंड धातूचे व्हॉल्व्ह बसवले. आतल्याचा लांब, थेट बाहेरच्या रिमच्या भोकापर्यंत येणारा. मधे सांधा नाही, म्हणजे गळायला जागा एक कमी. नऊ महिन्यांत दर आठवड्याच्या नोंदीत ऋतूप्रमाणे होणारा चढउतार सोडला तर काही हललेलं नाही. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की साधारण २ टक्के हवा कमी दिसते, तेवढं धरून चालायचं. चाक परत चढवताना मात्र डोळा ठेवा. आमच्याकडे एकदा टायरवाल्याने भोकं जुळवलीच नाहीत आणि आतला व्हॉल्व्ह रिमच्या मागे लपला. दोन्ही व्हॉल्व्ह चाकाच्या विरुद्ध बाजूंना, समोरासमोर यायला हवेत. गेजही दुतोंडी घ्या, साधा तिथे वळत नाही.

हवेवर नजर ठेवणारे सेन्सर वेगळे घेतले. अमेरिकेत ४,५३६ किलोपर्यंतच्या गाड्यांना ते सक्तीचे आहेत, पण एका ॲक्सलवर डबल चाकं असलेल्या गाड्या त्या नियमातून वगळल्या आहेत. सर्वात जास्त गरज जिथे, तिथेच सक्ती नाही, हे मला अजून पटत नाही. आमचे टोपीसारखे व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचे आहेत. रबरी व्हॉल्व्हवर हे वजन लटकवू नका, धातूचाच हवा. दर वेळी हवा भरताना ते काढावे लागतात हा वैताग आहे, पण सहाही टायरचे आकडे समोर दिसतात आणि रात्री मी शांतपणे गाडी चालवते.

चाकाच्या नटांचं थोडक्यात सांगते. चाक काढून बसवलं की ८० ते १६० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने (किती जोराने कसलंय ते दाखवणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासायचेच, आकडा गाडीच्या पुस्तकातला. आमचे नट फिरत्या वॉशरचे आहेत. पुस्तकाप्रमाणे तेलाचे एक-दोन थेंब नट आणि वॉशर यांच्यामध्ये, स्टडच्या (नट ज्यावर बसतो त्या बोल्टच्या) आट्यांना अजिबात नाही. रिम जिथे एकमेकांना टेकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने साफ करून घ्या. आमचं बाहेरचं रिम ॲल्युमिनियमचं, आतलं लोखंडी, आणि ती दोन्ही इतकी चिकटली होती की रबरी हातोडा घ्यावा लागला.

कच्च्या रस्त्यावरून आलं की दोन टायरांच्या फटीत दगड अडकलाय का ते टॉर्च मारून बघते. एकदा मुठीएवढा निघाला. दोन्ही बाजूंच्या रबरावर त्याची खूण उमटली होती, चीर मात्र नव्हती.

कॅम्परवाल्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण गाडी महिनोन्‌महिने उभी असते. नक्षी खोल दिसते म्हणून फसायला होतं. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. जुन्या आतल्या टायरवर हा कोड दोन टायरांच्या फटीकडे होता, कधी वाचताच आला नाही. नवी जोडी बसवताना आतल्याचा कोड गाडीच्या पोटाकडे करून घेतला. आता खाली आडवं होऊन टॉर्च मारली की तो सरळ वाचता येतो.