कस्टम रेट्रो कंट्रोलरच्या नावाखाली २३२ डॉलरचा गंडा: पाठीवर स्क्रू दिसले की तिथेच थांबा

आधी आकडे, कारण जाहिरात देणाऱ्या विक्रेत्याने एकेक आकडा गोड बोलून काढून घेतला. मूळ ड्युअलसेन्स, म्हणजे पीएस५ च्या कंट्रोलरचे ७५ डॉलर. सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलच्या रंगातलं शेल (बाहेरचं कवच), बटणं आणि रंगकाम ६२. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिक ३४. मागची दोन रिमॅप होणारी (हवं ते काम नेमून देता येणारी) बटणं २८. कुरिअर १५. एकूण २१४. त्यातले १०७ आगाऊ, १०७ काम पूर्ण झाल्याचे फोटो आल्यावर, आणि पार्सल निघताना विम्याच्या नावाखाली आणखी १८. झाले २३२ डॉलर. परत आला एकही नाही.

हातात पडलं ते असं. बाहेरून फिकट राखाडी शेल आणि चार रंगांची बटणं. आत ड्युअलसेन्सचा सर्किट बोर्डच नाही. ड्युअलशॉक ४ ची, म्हणजे जुन्या पीएस४ च्या कंट्रोलरची नक्कल करणारा बिननावाचा बोर्ड, दोन साध्या व्हायब्रेशन मोटर, ट्रिगरखाली नुसती स्प्रिंग, आणि क्षमतेचा आकडा न छापलेली बॅटरी. खऱ्या ड्युअलसेन्सच्या बॅटरीवर १५६० एमएएच छापलेलं असतं. संगणकाला जोडल्यावर व्हेंडर आयडी (कंपनीचा क्रमांक) सोनीचाच दिसतो, ०५४सी, पण प्रॉडक्ट आयडी (मॉडेलचा क्रमांक) ०९सीसी येतो. तो नंतरच्या ड्युअलशॉक ४ चा आहे. ड्युअलसेन्सचा ०सीई६ असतो. म्हणजे पीएस५ वर पीएस५ चे गेम या वस्तूने चालणारच नाहीत. आणि घेतला होता तो त्याचसाठी.

स्वस्ताला भुलला असेल, असं ज्यांना वाटतंय त्यांनी वरची यादी पुन्हा वाचावी. हा भाव स्वस्त नाही. मन लावून काम करणारा कारागीरही साधारण असाच हिशोब मांडतो. हे भामटे "निम्म्या किमतीत" असं ओरडत नाहीत. ते पटेल असा भाव सांगतात, एकेक भाग वेगळा लिहून देतात, आणि म्हणूनच जाणकार माणूसही त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

विश्वास बसायला आणखी एक कारण होतं. समोरच्याला जुन्या कन्सोलची माहिती होती. १९९० च्या सुपर फॅमिकॉमवर वरचं एक्स निळं, उजवीकडचं ए लाल, खालचं बी पिवळं आणि डावीकडचं वाय हिरवं. १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेत आलेल्या सुपर निन्टेन्डोवर जांभळ्याच्या दोन छटा: ए आणि बी गडद व फुगीर, एक्स आणि वाय फिकट व खोलगट. "चार रंग हवेत की जांभळे? जांभळे हवे असतील तर वरचं आणि डावीकडचं बटण खोलगट करून देऊ का?" असा प्रश्न त्याने स्वतःहून विचारला. इतकं बारीक विचारणारा माणूस लबाड असेल असं कोणाला वाटेल? पण रंगांची माहिती असणं वेगळं आणि सोल्डरिंग येणं वेगळं. या सगळ्या व्यवहारात रंगीत शेल हीच सर्वांत स्वस्त गोष्ट असते. राखाडी शेल आणि रंगीत बटणांचे तयार संच कोणालाही विकत मिळतात. पैसा जातो तो आतल्या मूळ बोर्डाला, स्टिकला आणि हाताच्या कामाला. आणि फोटोत दिसतं फक्त शेल.

सोनीने स्वतः २१ नोव्हेंबर २०२४ ला पहिल्या प्लेस्टेशनच्या राखाडी रंगात तिसाव्या वर्धापनदिनाची मर्यादित मालिका काढली. "तसाच, पण तुमच्या मनासारखा" हे आमिष त्यामुळे फार सोपं झालंय.

आता तो क्षण. दुसरा हप्ता मागताना कंट्रोलरचे सहा फोटो आले. पाचव्या फोटोत पाठ दिसत होती आणि पाठीवर चार स्क्रूंची डोकी होती. ड्युअलसेन्सच्या पाठीवर एकही स्क्रू दिसत नाही. तो उघडायचा तर आधी समोरची काळी पट्टी सोडवायची, वरच्या कडेची एल१ आणि आर१ ही बटणं उपसायची, त्यांच्याखाली दोन स्क्रू सापडतात, उरलेले दोन पट्टीखाली. पाठीवर चार उघडे स्क्रू असतात ते ड्युअलशॉक ४ ला आणि त्याच्या नकलांना. फोटो बघताक्षणी प्रश्न विचारला गेला, तो विचारला नाही असं नाही. उत्तर आलं: "हे आमचं स्वतःचं शेल आहे. मागची बटणं बसवायला जागा लागते, म्हणून स्क्रू बाहेर घेतले." ऐकायला हे पटतं, कारण मागच्या बटणांचे संच बसवताना पाठीचा भाग खरोखरच बदलतात. पण त्या संचांतही मूळ चौकटीची स्क्रूंची जागा हलत नाही. शेल बदललं तरी ते त्याच चौकटीवर, त्याच छिद्रांवर बसवावं लागतं. स्क्रूंची जागा बदलली म्हणजे आतली चौकटच वेगळी, आणि चौकट वेगळी म्हणजे बोर्ड वेगळा. तो एक फोटो पुरेसा होता. १०७ डॉलर तिथेच वाचले असते. हे आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो, कारण पुरावा त्यानेच पाठवला होता आणि वर त्याचं स्पष्टीकरणही तयार ठेवलं होतं.

दुसरी खूणही त्याच्याच लिखाणात होती. "स्टिक क्लिक करून बसवतो, सोल्डरिंग नाही, त्यामुळे मूळ बोर्डाला धक्का लागत नाही." साध्या ड्युअलसेन्समध्ये हे शक्यच नाही. स्टिकचं मोड्यूल काढून दुसरं सरकवता येतं ते फक्त ड्युअलसेन्स एज या सोनीच्या महागड्या कंट्रोलरमध्ये. साध्या कंट्रोलरमध्ये प्रत्येक स्टिक बोर्डाला १४ ठिकाणी सोल्डर केलेली असते, दोन्ही मिळून २८. जुनं सोल्डर पूर्ण ओढून न घेता जोर लावला तर बोर्डावरचे तांब्याचे पॅड उपटून येतात. नवी स्टिक बसल्यावर कॅलिब्रेशन करावंच लागतं, नाहीतर मध्यबिंदू सरकलेला राहतो. हे काम करणारा माणूस कॅलिब्रेशनचा शब्द काढल्याशिवाय राहत नाही. या विक्रेत्याने तो एकदाही काढला नाही.

उघडल्यावर स्टिकही हॉलच्या निघाल्या नाहीत. साध्या पोटेन्शिओमीटरच्या. बाजूच्या डबीत कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासणारी धातूची पट्टी. हीच घासून घासून ड्रिफ्ट सुरू होतो, म्हणजे हात न लावता स्टिक हलल्यासारखी वागते. हॉल इफेक्टमध्ये तिथे चुंबक आणि सेन्सर असतो, काही घासत नाही. न उघडता तपासायचं असेल तर ब्राउझरमधला गेमपॅड टेस्टर उघडा आणि स्टिक सोडून देऊन लहान पण जोरकस चुंबक तिच्या अगदी जवळ न्या. हॉलची स्टिक असेल तर आकडा हलतो. पोटेन्शिओमीटर ढिम्म राहतो. विक्रेत्याकडून हाच व्हिडिओ मागा. नाटक करायला अवघड आहे.

मागची "रिमॅप होणारी" बटणं म्हणजे प्रत्येकी दोन तारा, समोरच्या क्रॉस आणि सर्कलच्या संपर्कांना समांतर जोडलेल्या. रिमॅप करणारी चिप नाहीच. त्यातला एक सांधा थंड होता: सोल्डर मळकट, गोळ्यासारखं बसलेलं, पॅडवर पसरलेलं नाही. बोट लावताच तार सुटली. २८ डॉलर याचे.

रंगकामाबद्दल थोडक्यात. एबीएस प्लॅस्टिकवर रंग टिकायचा तर शेल पूर्ण सुटं करून धुवायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, ६०० ते ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडायचं, प्रायमर द्यायचा, मग पातळ थरांत रंग आणि वर हार्डनर मिसळलेला टू-के क्लिअर. इथे प्रायमर नव्हता आणि खरवडलेलंही नव्हतं. तळव्याच्या घामाने हँडलवरचा रंग पापुद्रे धरून निघाला, खाली काळं प्लॅस्टिक. बटणंही रंगवलेलीच, म्हणून जाड झालेली; हिरवं बटण दाबलं की छिद्रातच अडकतं. रंगीत बटणं त्या रंगाच्या प्लॅस्टिकात ओतलेली असावी लागतात. बटणाच्या आतल्या बाजूचा फोटो मागा. आतून रंग वेगळा दिसला तर नाही म्हणा.

आणि वजन. ड्युअलसेन्स साधारण २८० ग्रॅम भरतो, कारण ट्रिगरमागे छोट्या मोटर आणि गिअर असतात, हँडलमध्ये हॅप्टिकचे, म्हणजे हाताला बारीक कंपनं देणारे जड ॲक्च्युएटर असतात. माझ्याकडे आलेला २०४ ग्रॅम.

पण खरा डाव या सुट्या भागांत नव्हता, वेळेत होता. सुरुवातीला ८ ते १० आठवडे सांगितले, मग "रंग वाळतोय", मग "क्लिअरचा दुसरा थर". टू-के क्लिअर दुसऱ्या दिवशी हाताळता येतो आणि आठवडाभरात पुरता कडक होतो. त्याला महिने लागत नाहीत. हातात कामं जास्त असतील तर कारागीर तसं सांगतो आणि तुमचा नंबर कितवा तेही सांगतो. इथे वेळ काढली जात होती ती तक्रारीची मुदत संपावी म्हणून. कार्डावरचा चार्जबॅक (बँकेमार्फत पैसे परत मिळवणं) बहुतेक वेळा १२० दिवसांच्या आत मागावा लागतो. पोचण्याची तारीख लेखी नसेल तर ती मुदत कुठून मोजायची यावरच बँक वाद घालते. त्यामुळे आगाऊ रक्कम देण्याआधी पोचण्याची तारीख लिहून घ्या. "अंदाजे" हा शब्द चालवून घेऊ नका.

आता दाद मागायला गेल्यावर काय झालं ते. ज्या साइटवर ही जाहिरात होती त्यांनी सांगितलं की पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत, आमचा संबंध नाही. जाहिरात अजून तिथेच आहे. तक्रार करूनही आहे. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने सांगितलं की पहिला हप्ता "ओळखीच्या व्यक्तीला" या प्रकारात गेला, त्याला खरेदीचं संरक्षण नाही. हा प्रकार निवडायला विक्रेत्यानेच लावलं होतं, "फी वाचते" म्हणून, आणि तो निरोप लेखी आहे. तो निरोप पाठवला. त्यावर आलं तेच छापील उत्तर. दुसऱ्या हप्त्याची तक्रार घेतली, पण अट घातली की वस्तू ट्रॅकिंगसह विक्रेत्याकडे परत पाठवा, खर्च तुमचा. त्याने दिलेल्या परदेशी पत्त्यावर पाठवायचा खर्च ४१ डॉलर. नकली वस्तू, स्वतःच्या खर्चाने, नकली माल विकणाऱ्यालाच परत द्यायची, म्हणजे तो उद्या ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणार! हा कसला न्याय?

बँकेने तज्ज्ञाचा लेखी दाखला मागितला. तो आणायला उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे विचारलं, तर उघडलेल्या आणि बदललेल्या कंट्रोलरबद्दल आम्ही काहीही लिहून देत नाही, एवढंच उत्तर. न उघडता आतला बोर्ड नकली आहे हे कोणी कसं सिद्ध करायचं? सायबर तक्रार घेणाऱ्यांनी हा ग्राहक वाद आहे म्हणून पुढे ढकललं, ग्राहक तक्रार घेणाऱ्यांनी विक्रेता परदेशी आहे म्हणून मागे. प्रत्येकाच्या अर्जात तीच माहिती नव्याने भरायची, फोटोंची मर्यादा वेगळी, आणि प्रॉडक्ट आयडीचा स्क्रीनशॉट बघून एकानेही एक प्रश्न विचारला नाही. २३२ डॉलर ही रक्कम त्यांच्या लेखी फार लहान आहे, हे एकाने तर सरळ बोलून दाखवलं. अशा लहान लहान रकमांवरच हा धंदा उभा आहे. रक्कम लहान म्हणून हात झटकणारे सगळेजण त्याला मोकळं रान देतात.

विक्रेत्याने मध्येच २० डॉलर परत द्यायची तयारी दाखवली, "वस्तू ठेवून घ्या आणि तक्रार बंद करा". हे घेऊ नका. रक्कम स्वीकारून तक्रार मिटली असं नोंदवलं की अनेक ठिकाणी ती पुन्हा उघडता येत नाही.

"कस्टम वस्तू परत घेतली जात नाही" या वाक्यालाही घाबरू नका. मन बदललं म्हणून परत करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ड्युअलसेन्स सांगून दुसरंच काही दिलं तर तो नियम लागू होत नाही. तक्रारीचं कारण निवडताना "खराब वस्तू" निवडू नका, "वर्णनाप्रमाणे नाही" निवडा, आणि विक्रेत्याची भागवार यादी सोबत जोडा. पैसे खरेदीच्या प्रकारातच द्या, फी तुम्ही भरावी लागली तरी.

सगळ्यात सुरक्षित रस्ता म्हणजे मूळ कंट्रोलर स्वतः विकत घेऊन कारागिराकडे पाठवणं. पाठवण्याआधी उघडायची गरज नाही. संगणकाला जोडून प्रॉडक्ट आयडी आणि पाठीवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. ते जमत नसेल तर शेवटचा हप्ता देण्याआधी चार गोष्टी मागा: उघड्या बोर्डाचा फोटो, ज्यावर बीडीएम-०१०, ०२०, ०३० असा छापील क्रमांक वाचता येतो आणि शेजारी तुमचं नाव व तारीख लिहिलेला कागद आहे, बंद कंट्रोलरची पाठ, वजनकाट्यावरचा फोटो, आणि खेळताना मोटरमुळे ट्रिगर बोटाला अडतोय हे दाखवणारा, न तोडलेला व्हिडिओ. आलेले फोटो उलट शोधात (फोटोवरून फोटो शोधणाऱ्या सर्चमध्ये) टाकून बघा. माझ्याकडे आलेल्या सहापैकी दोन फोटो दुसऱ्याच कारागिराच्या कामाचे होते.

पार्सल आलं की कुरिअरची चिठ्ठी दिसेल असा, खोका फोडण्यापासून संगणकावर प्रॉडक्ट आयडी दिसेपर्यंतचा एकच सलग व्हिडिओ काढा. चिठ्ठी फेकू नका. तिच्यावर पाठवतानाचं वजन छापलेलं असतं. खोक्यासकट २५० ग्रॅम लिहिलं असेल तर आत ड्युअलसेन्स असूच शकत नाही, आणि हा पुरावा खुद्द कुरिअरच्या काट्यावरचा आहे.