अजूनही चमकणारी अंगठी

'अजूनही चमकते' एवढं वाचलं आणि मी ३४० डॉलर घालवले.

लोन रेंजर ही अमेरिकेतली जुनी रेडिओमालिका. १९४७ साली ती ऐकणाऱ्या पोरांनी किक्स या नाश्त्याला खायच्या मक्याच्या सिरियलच्या खोक्याचा वरचा तुकडा आणि १५ सेंट पाठवले, की टपालाने अ‍ॅटमबाँबची अंगठी यायची. अंगठीवर चंदेरी बाँब, त्याला लाल शेपटी. शेपटी काढायची, अंधारात डोळे सरावू द्यायचे आणि आतल्या भिंगातून बघायचं. आत खरोखरचं पोलोनियम, म्हणजे किरणोत्सर्गी धातू! त्यातून सुटणारे कण पडद्यावर आदळले की बारीक ठिणग्या उडताना दिसत. आज एखाद्या कंपनीने मुलांना असं काही वाटलं तर वकिलांची दिवाळीच.

मी न्यू जर्सीत राहतो आणि असल्या वस्तूंचा मला नाद आहे. ओव्हल्टिन या दुधात घालायच्या पावडरीच्या डब्यातलं सील पाठवून मिळणारे कोड-ओ-ग्राफ, म्हणजे कॅप्टन मिडनाइट या दुसऱ्या रेडिओमालिकेचे गुप्त संदेश उलगडायचे बिल्ले, माझ्याकडे तीन आहेत. म्हणजे मी काही नवखा नव्हे. तरीही विक्रेत्याने पाठवलेल्या व्हिडिओत भिंगामागचा हिरवट उजेड बघितला आणि पाघळलो. न चमकणाऱ्या अशाच अंगठीच्या दुप्पट भाव. वर मूळ लिफाफा आणि माहितीपत्रक. "फी वाचेल, ऑनलाइन पैसे पाठवताना 'मित्र-नातेवाईक' हा पर्याय निवडा," म्हणाला. पाठवले. त्या पर्यायात खरेदीला संरक्षण नसतं हे मला ठाऊक होतं, पण घाई झाली होती.

पार्सल आलं त्या रात्री बाथरूममध्ये दिवा मालवून बसलो. बाहेरून बायको विचारतेय, "बरं वाटत नाहीये का?" अंगठीत उजेड होता खरा, पण ठिणग्या नव्हत्या. पडद्यावर सगळीकडे सारखा हिरवा लेप, आणि वीस मिनिटांत तोही विझला. टेबललॅम्पखाली धरली की पुन्हा ताजा.

मुलाला दाखवली. अकरावीत आहे. त्याने फोनवर शोधलं आणि म्हणाला, "बाबा, या पोलोनियमचं अर्धायुष्य १३८ दिवसांचं आहे." पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. दर १३८ दिवसांनी निम्मं. मग पंचाहत्तर वर्षांनी काय उरणार? एकूणएक अंगठ्या कधीच विझल्यात. ज्या गुणासाठी मी दुप्पट भाव दिला, तो असणंच शक्य नव्हतं.

जीव जळतो तो दुसऱ्याच गोष्टीने. अंगठी अस्सल आहे. कुणीतरी आत अंधारात चमकणारा रंग फासून ती नासवली. तशीच ठेवली असती तर एखाद्याने आनंदाने रास्त भाव दिला असता, कदाचित मीच.

माहितीपत्रक मात्र सरळ नकली. जांभळ्या यूव्ही दिव्याखाली ते धुतलेल्या सदऱ्यासारखं निळंपांढरं उजळलं. कागदात ती चकाकी आणणारी रसायनं १९५० नंतर रुळली. ४७ सालचा कागद मंदच दिसायला हवा. दिवा दहा-बारा डॉलरचा, माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून होता. पण मालच हातात नसताना दिवा काय कामाचा? विक्रेत्याकडून त्या दिव्याखालचा फोटो मागवायचं मला सुचलं नाही.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "जुन्या वस्तूत असं होतंच." नंतर तेही बंद.

गेल्या आठवड्यात तोच व्हिडिओ पुन्हा दिसला. टेबलावरचं चौकड्यांचं कापडही तेच. भाव २० डॉलरनी वाढलाय.